बकऱ्यांनी पास केलेलं औषध

"घ्या ताई, आज काठोकाठ भरून आणलंय," म्हणत दत्तूमामांनी थर्मास माझ्या हातात दिला. "आता काय, आपलं बी औषध झालं ते."

"आपलं म्हणजे?"

"तुमाला ठावं न्हाई? अवो, सरांनी माझं नाव घातलंय. पयला पेशंट मी."

कोल्हापूरच्या मटण मार्केटात दत्तूमामा घोटण्यांचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या दाराशी दर बुधवारी सकाळी मी उभी असायची. मी जयसिंगपूरच्या मगदुमांची, म्हणजे जैनांची मुलगी. आमच्या घरात चातुर्मासात कांदाही येत नाही, आणि मी बकऱ्याच्या रक्तानं भरलेला थर्मास काखोटीला मारून बसनं संस्थेत जायची. आईला मी 'नमुने आणायला जाते' एवढंच सांगितलं होतं. मामांनी पहिल्याच दिवशी माझं तोंड बघून ओळखलं असावं. ते माझ्यासाठी स्टूल ठेवायचे, तेही भिंतीकडे तोंड करून. "हितं बसा. मागं वळू नका," म्हणायचे.

त्या दिवशी ते स्वतःच स्टुलावर बसले होते. डाव्या पायावर फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोरी. साखरेमुळे तळव्याला पडलेली जखम वर्ष होत आलं तरी भरत नव्हती. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय काढण्याची भाषा सुरू केली होती.

"सरांनी केबिनीत बोलावलं मला," मामा सांगत होते. "खुर्ची दिली. सोता चहा ओतून दिला, कपबशीत. म्हणले, घोटणे, तुमच्या बकऱ्यांनी औषध पास केलंय, तवा पयला मान तुमचा. आता मला सांगा, आमच्या बकऱ्याला काय झालं न्हाई, तर मला काय होतंय?"

मी हसले. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

सर म्हणजे डॉ. प्रतापराव सरनोबत. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. सरांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते, आणि ज्या औषधाची ही गोष्ट आहे त्याचं नाव सरांनीच 'करवीरिन' ठेवलं होतं.

बेडूक जन्मभर चिखलात लोळतो, पण त्याचं कातडं सडत नाही. कारण त्या कातड्यातून झिरपणाऱ्या चिकट रसात जंतू मारणारे रेणू असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. आमच्या घाटातल्या एका बेडकाच्या पेप्टाइडमध्ये थोडी काटछाट करून आम्ही करवीरिन तयार केलं. प्रत्येक पेशीला चरबीच्या दोन थरांचं आवरण असतं. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो आणि पेप्टाइडवर धन, म्हणून ते जंतूला जाऊन चिकटतं. मग त्याची तेलकट बाजू त्या चरबीत रुतते, आवरणाला भोकं पडतात आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशीला बाहेरून तसा भार जवळजवळ नसतो, त्यामुळे पेप्टाइडनं तिला सोडून द्यावं अशी अपेक्षा असते. ती खरी आहे का, हे रक्ताच्या तांबड्या पेशींवर तपासायचं. पेशी मिठाच्या पाण्यात सोडायच्या आणि वर पेप्टाइड घालायचं. पेशी शाबूत राहिल्या तर पाणी गढूळ राहतं. फुटल्या तर त्यांच्यातला रंग बाहेर येतो आणि नळी आरपार लाल होते.

आमच्या नळ्या कायम गढूळ राहायच्या. सर त्यावर भलते खूश होते.

आणि हे रक्त बकऱ्याचंच असायचं. तशी प्रयोगशाळेची रीतच होती. माझ्या आधी कधीतरी एक मुलगा रक्त देताना चक्कर येऊन पडला, तेव्हा सरांनी फर्मान काढलं की माझ्या मुलांच्या अंगाला सुई लागता कामा नये. चांगलाच विचार होता तो, मी नाही म्हणत नाही. कोल्हापुरात बकऱ्याचं रक्त मिळणं अवघड नाही. लोक ते शिजवून आवडीनं खातात. मामा आमच्या थर्मासात, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या मिठावर, ते भरून आणवायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. "शास्त्राचं काम हाय," म्हणायचे.

महावीर जयंतीला आई मला जयसिंगपूरला मिरवणुकीला बोलावत होती. सरांनी सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या नीतिसमितीची बैठक होती. ती हो म्हणाली की करवीरिनचं मलम माणसांच्या जखमांवर लावायला परवानगी मिळणार होती. समितीला दाखवायला सरांना नळ्यांचे ताजे फोटो हवे होते.

"मगदूम, अहिंसा संध्याकाळी. आधी फोटो," सर म्हणाले.

मी आणि नसीम दोघीच प्रयोगशाळेत होतो. नसीम मुजावर माझी सहकारी. संशोधनाला येण्याआधी तिनं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तं काढली होती. मी मामांना फोन लावला तेव्हा मामा हसत सुटले.

"अवो ताई, तुमच्याच देवाची जयंती. आज कत्तलखाना बंद असतोय. तुमालाच ठावं न्हाई व्हय?"

फोन ठेवल्यावर मी नसीमकडे बघितलं. नसीमनं माझ्या कोपराकडे बघितलं.

"दे इकडं हात," ती म्हणाली. "तुझ्या देवानं बकरी वाचवली, आता तू भर."

तिनं माझं रक्त काढलं, पेशी धुतल्या, नळ्या लावल्या. आम्ही डबा खाऊन आलो. नळ्यांकडे बघून नसीम आधी म्हणाली, "अगं, मीठ घालायला विसरलीस." नुसत्या पाण्यातही पेशी फुटतात, म्हणून तिला तसं वाटलं. पण करवीरिन न घातलेली नळी गढूळच होती. जिच्यात करवीरिन होतं ती प्रत्येक नळी कोकम सरबतासारखी आरपार लाल झाली होती.

"माझं काढते आता," नसीम खालच्या आवाजात म्हणाली.

तिच्याही रक्ताचं तेच झालं. मलमात जेवढं करवीरिन असणार होतं, त्याच्या किती तरी कमी मात्रेला पेशी फुटत होत्या.

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात बसले, आणि जे वाचलं त्यानं माझं डोकं फिरलं. त्यात नवीन काहीच नव्हतं, जुन्या पाठ्यपुस्तकात छापलेली गोष्ट होती. माणसाच्या तांबड्या पेशीच्या बाहेरच्या थरात एका जातीची चरबी भरपूर असते. बकऱ्या-मेंढ्यांच्या पेशीत ती जवळपास नसतेच, तिच्या जागी दुसरी, घट्ट बसणारी चरबी असते. आमच्या काटछाटीत करवीरिन इतकं तेलकट झालं होतं की त्याला भाराशी देणंघेणं उरलं नव्हतं. ती पहिली चरबी दिसली की ते आत घुसत होतं. बकऱ्यात ती नव्हती, म्हणून बकरा पास झाला. इतकी वर्षं आम्ही दगडावर सुरी चालवून, दगड कापला नाही म्हणून ती बोथट असल्याचं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी नळ्या घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माणसाच्या पेशी फुटताहेत."

सरांनी नळी उजेडाकडे धरली. "रक्त कुणाचं?"

"एक माझं, एक नसीमचं."

सर हसले. "मग बरोबर आहे. तुम्हा मुलींच्या रक्तात दम कुठं असतो? निम्म्या अॅनिमिक. त्यात तू वरणभातावर वाढलेली." सर तालमीतले होते, पन्नाशीतही रोज जोर मारायचे आणि ते सगळ्यांना सांगायचे.

"हिमोग्लोबिन बघितलंय सर. दोघींचं चांगलं आहे."

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. नीट वाचलं, मी त्यांचे डोळे बघत होते. मग उठून त्यांनी केबिनचं दार लावलं.

"मलम आहे हे. बाहेरून लावायचं. रक्तात कुठं टोचतोय आपण?"

"उघड्या जखमेवर लावायचंय सर. तिथं रक्तच असतं. आणि जखम भरून काढायला ज्या पेशी येतात, त्यांच्या आवरणातही हीच चरबी असते. त्याही मरतील."

"उज्ज्वला," ते एकदम मायेनं म्हणाले. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "आपण समितीला 'रक्तपेशी सुरक्षित' असं लिहून दिलंय. कुणाच्या, ते कुणी विचारलेलं नाही. विचारलं नाही ते सांगायचं नाही. परवानगी मिळू दे, मग निवांत सुधारणा करू. तुझा प्रबंधही मार्गी लागेल."

"आणि तोवर दत्तूमामा?"

"त्याचा पाय नाहीतरी जायचाच आहे गं. लागू पडलं तर वाचला. नाही पडलं तर त्याला काय फरक पडतो?"

"त्यांना हे सांगितलंय तुम्ही?"

"त्याला काय कळणार आहे त्यातलं?"

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला त्या केबिनमध्ये कळलं. चूक कुणाचीही होते. बकऱ्याच्या रक्ताची चूक आम्हा सगळ्यांची होती. पण चूक समजल्यावर दार लावून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ज्याचं फुकटचं रक्त इतकी वर्षं वापरलं त्याच्याच पायाबद्दल तो बोलत होता. मी नळ्या उचलून बाहेर आले. संताप इतका होता की तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि त्यांच्यापुढे मला रडायचं नव्हतं.

तडक मामांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, चरबी, आवरण, माझं रक्त, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"ताई, एक विचारू? रागावू नका. सरांचं आनि तुमचं काय बिनसलंय का?"

"मामा, बिनसायचा प्रश्नच नाही. औषध चुकीचं आहे."

"आवो, एवढा मोठा माणूस. मला खुर्ची दिली त्यानं. दवाखान्यात मला कोन बाकड्यावर बसा म्हनत न्हाई, त्यानं खुर्ची दिली." त्यांनी पिशवीतला पाय जरा पुढे घेतला. "हे दुकान मी उभं ऱ्हाऊन चालवतोय. बसून मटण तोडता येत न्हाई. पाय गेला तर मी काय करायचं, ते सांगा. दुसरं औषध हाय तुमच्याकडं?"

"नाही."

"मग हाय त्याला न्हाई का म्हनू?"

मामांवर रागवावंसं वाटलं, पण त्यांच्यावर रागवून काय उपयोग होता? त्यांचा विश्वास कपबशीतल्या चहानं विकत घेतलेला होता. राग धरायचा तो घेणाऱ्यावर.

बैठक दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. अध्यक्ष होत्या डॉ. शिरगावकर, निवृत्तीला आलेल्या सर्जन, कमी बोलणाऱ्या बाई. सरांनी मला पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला नेलं होतं. मी गप्प राहिले होते, म्हणून मी ताळ्यावर आले असं त्यांनी धरलं होतं. आणि पेशंट किती उत्सुक आहेत हे दाखवायला त्यांनी दत्तूमामांनाही बोलावलं होतं. मामा दाराजवळच्या खुर्चीत धुतलेला सदरा घालून बसले होते, पाय पिशवीत.

माझ्या पायाशी थर्मास होता. सरांना वाटलं, चहाचा असेल.

सर छान बोलायचे. बेडूक, चिखल, सह्याद्री, मग जंतूंचा खातमा. शेवटी गढूळ नळ्यांचा फोटो आला. "रक्तपेशींना धक्काही नाही," सर म्हणाले. समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. शिरगावकर बाईंनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

"मला आहे," मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघतच राहिले. मी थर्मास टेबलावर ठेवला. मिठाच्या पाण्याच्या दोन नळ्या काढल्या, करवीरिनची कुपी काढली.

"फोटोतलं रक्त बकऱ्याचं आहे. दत्तूमामांच्या दुकानातलं. आज सकाळचं हे." एका नळीत मी बकऱ्याचं रक्त सोडलं, वर करवीरिन टाकलं, नळी उलटीसुलटी केली. गढूळ होती, गढूळच राहिली. "आता मला माणसाचं रक्त हवं. बोटातला एक थेंब पुरे."

"मग तुझंच घे की," बाई म्हणाल्या.

"माझं घेऊन झालंय. सर म्हणाले, मुलींच्या रक्तात दम नसतो." खोलीत कुणीतरी खाकरलं. मी साखर तपासायची सुई कागदातून सोडवली आणि सरांपुढे धरली. "सर, तुम्ही तालमीतले. तुमचा एक थेंब द्या. तो शाबूत राहिला तर मी आत्ता माफी मागते आणि संस्था सोडते."

सरांचा उजवा हात टेबलावर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"हा काय तमाशा आहे," ते बाईंकडे बघून म्हणाले. "ही काय जत्रा आहे?"

"एक थेंब तर मागतेय, प्रतापराव," बाई म्हणाल्या.

"प्रश्न थेंबाचा नाही. पद्धतीचा आहे."

हात वर आला नाही. मी सुई तशीच धरून उभी होते. ज्या माणसाला दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर हे फासायचं होतं, त्याला स्वतःचा एक थेंब नळीत टाकायचा नव्हता.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा भिंतीला धरत धरत टेबलापाशी आले.

"माझं घ्या," ते म्हणाले. "लावायचं मलाच हाय न्हवं?"

"घोटणे, तुम्ही बसा," सर घाईनं म्हणाले. "तुमच्या शुगरमुळं…"

"सर, पायाला लावताना शुगर चालती, मग नळीत का चालंना?"

मी त्यांच्या जाड बोटाला सुई लावली. थेंब नळीत पडला, पाणी गढूळ तांबडं झालं. करवीरिन टाकलं आणि नळी मामांच्याच हातात दिली. सगळे बघत होते. आधी काही झालं नाही. मग गढूळपणा विरळ होत गेला, तळापासून वर. बाईंनी समोरचा कागद उचलला आणि नळीमागे धरला.

मामांनी डोळे बारीक केले. "दत्तात्रय घोटणे," त्यांनी त्या लालातून वाचलं. "माझंच नाव हाय की हे."

समितीपुढची पेशंटची यादी होती ती.

मग त्यांनी बकऱ्याची नळी उचलून तिच्यामागे तोच कागद धरायला सांगितला. काही दिसलं नाही. दोन्ही नळ्या त्यांनी बराच वेळ धरल्या. अखेर त्या सांभाळून टेबलावर ठेवल्या आणि ते सरांकडे वळले. आवाज चढवला नाही.

"सर, आम्ही खाटीक. कापायच्या आधी बकऱ्याला आम्ही पाणी पाजतो. त्याला बी ठावं नसतंय, कशाला पाजत्यात." त्यांनी टोचलेलं बोट सदऱ्याला पुसलं. "तुमचा चहा लई गोड हुता."

परवानगी मिळाली नाही. सरांनी आठवड्याभरात माझं मार्गदर्शन सोडलं. 'विद्यार्थिनीची वर्तणूक' असं कारण दिलं. पीएच.डी. मी पुढे हैदराबादला केली. शिरगावकर बाईंनी मामांना आपल्या वॉर्डात घेतलं, रोज स्वतः जखम साफ केली. दोन बोटं गेली, पाय राहिला. करवीरिन कुठल्याशा फ्रीजमध्ये पडून असेल.

पुढच्या महिन्यात कोल्हापुरात सरांचा अमृतमहोत्सवी सत्कार आहे. मला आमंत्रण आलं, सोबत गौरवलेख. त्यात छापलं होतं, 'माणसाच्या रक्तावर तपासल्याशिवाय सरांनी एकही रेणू पुढे जाऊ दिला नाही.' ते वाक्य वाचताना त्या केबिनमध्ये झाली होती तशीच लाही झाली. इतकी वर्षं गेली, पण ती कमी होत नाही आणि व्हावी असं मला वाटतही नाही. लेख घेऊन मी मटण मार्केटात गेले. मामा उभेच होते, तराजूमागे. केस पिकलेत, उजव्या पायावर जरा जास्त भार देतात. माझ्यासाठी स्टूल ठेवलं, भिंतीकडे तोंड करून.

मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी गिऱ्हाइकाचं मटण बांधून दिलं, हात धुतले.

"तुम्हालाही बोलावलंय," मी म्हणाले. "तुमचंही नाव आहे पाकिटावर. येणार?"

"चहा असणार काय तिथं?"

"असणारच."

"मग नको," मामा म्हणाले आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.